पडद्यावरचा खडक

आमच्या फोटो स्टुडिओत पडदा एकच होता आणि गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्याच्यासमोर काढलेल्या फोटोंवर जमली. पडद्यावर उजाड माळ, आणि माळावर बारीक मानेचा, जड डोक्याचा एक उंच खडक, उजवीकडे कललेला. त्याच्या डाव्या पायथ्याशी दोन बुटके खडक रुसून बसल्यासारखे. हा पडदा बाबांनी लग्नाआधी, उस्तादाकडे काम शिकत असताना रंगवला होता. "मी तिथे जाऊन आलोय," ते आईला सांगायचे, "तुलाही नेईन." तिथे काढलेल्या फोटोचं काय झालं असं विचारलं, की पावसाचं पाणी पेटीत शिरलं आणि प्रिंट काढायच्या आत निगेटिव्ह गेली, असं उत्तर यायचं.

मामाला, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, हे कधी पटलं नाही. "पाऊस मोठा सोयीचा पडला, दाजी," तो म्हणायचा. "कुठल्या तरी कॅलेंडरवरून काढलंय, कबूल करा." बाबा हसून चहा मागवायचे. आईही हसायची. वर्षानुवर्षं घरात हा एकच विनोद पुरवून पुरवून वापरला गेला.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि विनोदातली गंमत गेली. दुकान रिकामं करताना आम्ही पडद्याची गुंडाळी खाली काढली, तशी आई तिच्याकडे बघत स्टुलावर बसून राहिली. "हे खोटं बोलले असतील का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, असले तर असू दे, आता काय फरक पडतो. माझा स्वभाव चिडका आहे असं घरात सगळे म्हणतात आणि मी ते चिडून नाकारते. आई शांतपणे म्हणाली, "फरक पडतो. हे खोटं असेल तर नेईन म्हणाले तेही खोटंच. आयुष्यभर मला नुसतं झुलवलं असं होईल."

 मी रजा टाकली आणि बाबा सांगायचे त्या खडकांच्या पार्ककडे आम्ही निघालो. गाडी मामाने चालवली. आयुष्यभर शाळेची बस चालवल्यामुळे प्रत्येक वळणाआधी तो अजूनही मागे वळून "बसा नीट" म्हणतो. डांबरी रस्ता संपला, मग खडीचाही संपला. पुढे एक लाकडी फाटक, एक खोली, आणि खोलीच्या सावलीत डबा खाणारी पार्कची गाईड. भेटायला माणूस आलं याचाच तिला आनंद झालेला दिसला.

मी तिला आई-बाबांचा लग्नानंतरचा फोटो दाखवला. दोघं अवघडून उभे, मागे पडदा. गाईडने तो उन्हात धरला, सावलीत धरला. "इतकी वर्षं इथे फिरतेय, पण असा खडक बघितल्याचं आठवत नाही, काकू," ती म्हणाली. "तरी चला, सगळे दाखवते."

तिने खरोखर सगळे दाखवले. कुठे एकावर एक भाकऱ्या रचल्यासारखे थर, कुठे छत्रीसारखी टोपी घातलेला सुळका, कुठे दोन खडकांच्या मधे तिसरा असा अडकलेला की खालून जाताना मी उगाच मान आखडून घेतली. वारा सोडला तर आवाज नव्हता. मला वाटलं होतं मी कंटाळेन, पण त्या माळावर माझी चिडचिडही जरा दमून बसली. आई मात्र कशातच रमेना. प्रत्येक खडकासमोर ती फोटो धरायची, बघायची आणि मान हलवायची. हा कललाय पण मान जाड. याची मान बारीक पण पायथ्याशी कोणी नाही.

"एखादा पडलाही असेल, काकू," गाईड म्हणाली. तिचा हेतू चांगला होता.

"तो नेमका आमचाच पडला असेल," आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा पडला होता.

 मामाला जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट हे आपणच सुरू केलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटच्या टप्प्यावर पोचल्यावर त्याने उसना उत्साह आणला. "ताई, इतक्या लांब आलोय, एक फोटो तरी काढू. हा खडक काय वाईट आहे? उभी राहा त्याच्यापुढे."

मला त्याचा राग आला, पण आई निमूट जाऊन खडकाकडे पाठ करून उभी राहिली. मग तिने पर्समधून आरसा काढला. हा दुकानातला आरसा. फोटोआधी गिऱ्हाइकासमोर तो धरायचा, केस नीट करू द्यायचे, मगच बाबांना हाक मारायची, ही तिची कायमची पद्धत. दुकान बंद झालं तरी आरसा पर्समधून हलला नव्हता. तिने एका हाताने केस सारखे केले. हात डोक्यावर तसाच राहिला.

"थांब," ती म्हणाली. मी फोन खाली घेतला. "इकडे ये. माझ्या खांद्यावरून बघ."

आरशात आईचा कान होता, पिकलेले केस होते, आणि त्यांच्या मागे आमचा पडदा होता. बारीक मान, उजवीकडे कललेलं डोकं, डाव्या पायथ्याशी रुसलेले दोघं. मी वळून बघितलं. खडक डावीकडे कलला होता, आणि दोघं उजवीकडे होते. मघाशी याच्यासमोर फोटो धरून आईने मान हलवली होती.

"मसाल्याची बाजू वर," आई म्हणाली आणि खाली दगडावर बसली.

गाईडला कळेना, म्हणून मीच सांगितलं. आई जन्मभर निगेटिव्हवर पेन्सिलीने लोकांच्या सुरकुत्या बुजवत आली. काचेखाली दिवा लावलेल्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची ती नेहमी मसाल्याची, म्हणजे खरखरीत बाजू वर करून, कारण पेन्सिल त्याच बाजूला धरते. त्या बाजूने चित्र उलटं दिसतं, डावं ते उजवं.

"निगेटिव्हमधल्या काळ्याचं पांढरं आम्ही डोळ्यानेच करून घेतो," आई म्हणाली. "डावं-उजवं मात्र ध्यानात येत नाही. यांनी निगेटिव्ह डेस्कवर ठेवली आणि बघून बघून पडदा रंगवला. कॅलेंडर बघून काढला असता तर सरळ आला असता."

मामा अजून पूर्ण शरण आला नव्हता. "मागच्या बाजूने कोणी फोटो काढला असेल तर? तिकडूनही उलटाच दिसेल."

"मागे दरी आहे, काका," गाईड म्हणाली. "आणि तिकडून हे दोन लहान दिसणारच नाहीत."

 मामा आईच्या शेजारी जाऊन बसला. "ताई, मी दाजींना किती छळलं गं," तो म्हणाला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती आणि मला चक्क बरं वाटत होतं. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी मोकळी रडली नव्हती.

"मला वाटलं, खडक सापडला, आता सुटले," तिने डोळे पुसत म्हटलं. "पण हे इथे आले होते हे खरं, म्हणजे मला आणायचं होतं तेही खरंच. एक दिवस दुकान बंद ठेवून यायला काय झालं होतं आम्हाला? मीही कधी म्हटलं नाही, चला म्हणून."

 ऊन कललं तशी खडकाची सावली लांबली. गाईडने घाई केली नाही.

मग आई उठली आणि साडी झटकली. पडद्यासमोरच्या प्रत्येक फोटोत ती बाबांच्या उजव्या हाताला असायची, बुटक्या दगडांच्या बाजूला. इथे ती त्या दगडांजवळ गेली, जरा विचार केला आणि मोठ्या खडकाच्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभी राहिली.

"आता काढ," ती म्हणाली.

मी फोन वर केला. मामा मधे येत होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मग फोन खाली घेऊन तिच्याकडून आरसा घेतला आणि, ती गिऱ्हाइकासमोर धरायची तसा, तिच्यासमोर धरला.