तहानेचा राखणदार

मार्गशीर्ष संपत आला होता आणि दत्तोबा ज्वारीवर छत ओढत होता. आभाळात ढगाचा एक तुकडा दिसला होता, एवढंच. पण तेवढ्यावरही त्याला पळावं लागायचं. रुळांवर चालणारं प्लॅस्टिकचं ते अवजड छत खांदा लावून पिकावर ढकलायचं, म्हणजे चुकून पाऊस आलाच तर एक थेंब ज्वारीला लागता कामा नये. उदगीरकडचा माणूस. पन्नास वर्षं ढगाकडं बघून हात जोडलेले. आता त्याच ढगाला बघून तो शिव्या देत पळत होता आणि त्याचा महिन्याचा पगार घेत होता.

त्याची स्वतःची सात एकर तलावात गेली होती. दुष्काळी गावाला पाणी मिळावं म्हणून तलाव बांधला. तो आजवर दोनदा भरला. जमीन मात्र गेली ती गेलीच. मग दत्तोबा आणि भामा हैदराबादला अंबरपेठेत दोन खोल्यांत आले, आणि एका पाहुण्याच्या ओळखीनं दत्तोबा शहराबाहेरच्या या संशोधन केंद्रावर लागला. रोज अफझलगंजला बस बदलून यायचं आणि दिवसभर ज्वारीला तहानेनं तडफडताना बघायचं.

केंद्रातल्या प्रियदर्शिनी मॅडम हैदराबादच्या जुन्या मराठी घरातल्या. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील वकील. त्यांनी पहिल्याच दिवशी दत्तोबाला समोर बसवून अर्धा तास सगळं समजावलं होतं. त्यात इंग्रजी इतकं होतं की दत्तोबाच्या पदरात दोनच गोष्टी पडल्या. पाणी द्यायचं नाही, आणि वाळलेलं पान तोडायचं नाही. पुढं मॅडमचा विद्यार्थी कुलदीप रोज वाळक्या ताटांपुढंच उकिडवा बसून पानं मोजायचा, फोटो काढायचा. ते बघून दत्तोबानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की या लोकांना वाळलेलीच ज्वारी पाहिजे. मोठ्या शिकलेल्या माणसांचं काय सांगावं.

एकदा त्यानं कुलदीपला विचारलंही होतं.

"कुलदीपबाबा, हिला असं किती दिवस उपाशी मारायचं?"

"मरेपर्यंत काका. कौन कितना टिकता, वही देखना है. पाणी नक्को म्हणजे नक्को. तुमच्या आधीचा माणूस माहितीय ना?"

तो सगळ्यांना माहीत होता. आधीच्या गड्याला पिकाची दया आली. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी दोन-चार दिवस एका ओळीला घातलं. ओळ हिरवी दिसली, मॅडमना कळलं, आणि तासाभरात तो फाटकाबाहेर होता.

म्हणूनच सतरा नंबरच्या ओळीनं दत्तोबाची झोप उडवली होती.

मॅडम दहा दिवस दिल्लीला होत्या. कुलदीप बहिणीच्या लग्नाला मलकपेठला गेलेला. तीनशे ओळी, एकेका ओळीत पाच ताटं, आणि राखायला एकटा दत्तोबा. त्या दहा दिवसांत सगळं रान करपून गेलं. पानं गुंडाळली, कणसं पोकळ राहिली. फक्त सतरा नंबरची पाच ताटं पोपटासारखी हिरवी, आणि कणसात दाणा टच्च भरलेला.

दत्तोबानं पाण्याची नळी तपासली, कुठं फुटली नव्हती. बुडाशी हातभर उकरून बघितलं, माती कोरडी ठाक. दोन दिवस तो कुंपणाला टेकून बसून राहिला, की कोण मेला येऊन गुपचूप पाणी घालतो. कुणी आलं नाही. ओळ आपली हिरवीच. आता मॅडम दिल्लीहून आज येणार, उद्या सकाळी मोठ्या साहेबांची समिती पाहणीला येणार. त्यांनी ही ओळ बघितली की बोट कुणाकडं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याच दिवशी येळवस होती. लातूर-उदगीरकडं मार्गशीर्षातल्या अवसेला माणूस कुठंही असो, रानात जातो, ताटांची कोप उभारून लक्ष्मी पुजतो आणि पिकावर आंबील शिंपडतो. भामाला आता रान नव्हतं. तिनं मॅडमना फोनवर विचारलं होतं आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "हौ, करा की. पण प्लॉटमध्ये नक्को, कुंपणाच्या बाहेर करा."

भामा डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत आंबिलीचं गाडगं, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आल्या आल्या तिनं रानाकडं बघितलं आणि पाटी खाली टेकवली.

"अगं आई! काय करून ठिवलंय हे? असलं रान माज्या सासऱ्यानं बगितलं असतं तर काटी घिऊन मागं लागला असता तुमच्या."

"गप. हितं वाळवायचाच पगार हाय."

"आन आंबील कुटं शिंपडू?"

"बांधावर शिंपड. पिकावर एक थेंब पडला तर माजी नोकरी गेली."

"पिकावर न्हाई तर मग येळवस कशाची? लक्षुमी काय बांधावर राहाती व्हय?"

"औंदा ऱ्हाईल. शिकल्यासवरल्याचं रान हाय हे."

भामानं पाच दगड धुऊन चुन्यानं रंगवले, पांडव मांडले. मग कंबरेचा विळा काढून म्हणाली, "कोपीला पाच ताटं पायजेत. कणसासगट. ही वाळकी खुंटं घालू का देवीला?"

वाळक्याला हात लावायचा नाही, हे तर मॅडमनी बजावलेलंच. दत्तोबाची नजर सतरा नंबरवर गेली. बरोबर पाच ताटं. देवीचंही काम होईल आणि आपलंही, असं त्याच्या मनात आलं आणि छातीवरचा धोंडा हलल्यासारखं वाटलं.

"ती घे. हिरवी. पाचीच्या पाची काप."

"बाई रागवत्याल की!"

"बाईला वाळलेलं पायजे. हिरवं दिसलं तरच रागवत्याल."

भामानं सपासप ताटं कापली. कोप उभी राहिली, पूजा झाली. पण कोपीवरची भरली कणसं मॅडमच्या नजरेला पडतील अशी धास्ती दत्तोबाला होतीच. त्यानं स्वतःच खड्डा काढून गोवऱ्या पेटवल्या.

"भाज हुरडा. समदी कणसं घाल. एक दाणा म्हागं ठिवू नगं."

"आज लई हौस आलीया तुमाला," भामा हसली आणि कणसं आगटीत खुपसली.

मॅडम विमानतळावरून थेट आल्या, तेव्हा दुपार झाली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भामानं त्यांना कोपीपुढं बसवलं, आंबील दिली आणि हातावर गरम हुरडा चोळून ठेवला, वर तिळाची चटणी. मॅडम लहान पोरीसारख्या खाऊ लागल्या.

"किराक आहे हुरडा! किती गोड! आणि दाणा बघा कसला भरलाय. अशा कोरड्या साली कुठून आणला?"

"बाजारातनं," दत्तोबा घाईनं म्हणाला. "अंबरपेठंच्या."

भामा चिडली. सणाच्या दिवशी देवीसमोर खोटं बोलणं तिला खपणारं नव्हतं.

"बाजारातनं कशाला? तुमच्याच रानातला हाय, बाई. त्या सतरा नंबरचा."

मॅडमचा हात तोंडाशी थांबला.

"सतरा? सतरा हिरवी होती?"

दत्तोबा खाली बसला आणि त्यानं हात जोडले. "मॅडम, आईच्यान सांगतो, मी पानी घातलं न्हाई. नळी बगितली, माती उकरून बगितली. दोन दिस राखन केली. पर मेली वाळंच ना! तुमी मला काडचाल म्हनून—"

मॅडम पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. त्या पळत सतरा नंबरपाशी गेल्या, तिथले पाच बुडखे बघितले, मातीत बोटं खुपसून कोरडेपणा बघितला, आणि होत्या तशा धुळीत बसल्या.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी हीच शोधत होते. बाकीच्या सगळ्या वाळून जातील आणि एक उभी राहील, पाण्याशिवाय दाणा भरेल, ती. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव फक्त तिला ओळखण्यासाठी लावल्या होत्या."

"बी आसंल की डब्यात?" दत्तोबानं विचारलं.

"चिमूटभरच होतं. सगळं पेरलं."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर चार दाणे उरले होते, भाजलेले, तिळाची चटणी लागलेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर दत्तोबाला बरं वाटलं असतं. त्याला स्वतःच्या हातांची किळस आली. सात एकर बुडाली तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं, कारण ती दुसऱ्यानं बुडवली होती.

भामा मागून येऊन उभी होती. ती वाकली आणि तिनं बुडखा दाबून बघितला.

"बाई, मी विळ्यानं कापलंय, उपटलं न्हाई. मुळं जित्ती हायत. खोडवा फुटंल की! आमच्याकडं फुटतोय, कनीसबी धरतोय. पर..." तिनं नवऱ्याकडं बघितलं, "पानी लागंल."

मग मॅडम उठल्या.

"पाणी द्या."

दत्तोबा जागचा हलला नाही. "ह्या रानाला, मॅडम?"

"द्या म्हणते ना! आत्ता, संध्याकाळी, उद्या सकाळी. ते फुटेपर्यंत द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी आली. तीन साहेब कुंपणातून आत शिरले. समोर करपलेलं रान पसरलेलं, दुष्काळाच्या चाचणीचा फलक रोवलेला, आणि फलकाच्या बाजूला दत्तोबा झारीनं पाणी घालत होता.

मोठे साहेब थांबले. त्यांनी फलक वाचला, झारीकडं बघितलं.

"कब से पानी डाल रहे हो?"

"कल से, साब."

"पकडे जाने पर सब यही बोलते हैं," साहेब सोबतच्यांना म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहायला घेतलं.

"मी सांगितलंय त्यांना," मॅडम पुढं झाल्या, मग त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. साहेबांनी का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी नुसतं बुडख्यांकडं बोट दाखवलं. आमची सगळ्यात चांगली ज्वारी आम्ही काल चटणीबरोबर खाल्ली, हे कुठल्या भाषेत सांगायचं? साहेबांनी मान हलवून आणखी दोन ओळी लिहिल्या. दत्तोबाला त्या वाचता येणार नव्हत्या, पण त्यात आपलं नाव आहे आणि ते कशासाठी आहे, हे त्याला कळलं. जे न करता दहा दिवस तो भीत होता, ते करताना तो सगळ्यांसमक्ष सापडला होता.

झारी हातात धरून त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडमचे डोळे भरले होते.

"थांबू नका, दत्तोबा," त्या मराठीत म्हणाल्या.

दत्तोबा हौदावर गेला, झारी काठोकाठ भरून आणली आणि तिन्ही साहेबांच्या समोर एकेका बुडख्याला पोटभर पाणी पाजलं.