पेटीला हात लावू नका
मालनचा फोन आला तेव्हा महरीन दुकानात मिक्सरची मोटर उघडून बसली होती. लांज्यात हायवेच्या कडेला तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. मालन तिथून दोन किलोमीटरवर, मालिनीताईंच्या काजू कारखान्यात कामाला होती.

"महरीनबाय, ड्रायरच्या पेटीचा चटचट आवाज थांबलाय. आणि गॅसचा वास येतोय गो."

ती पेटी महरीननेच बनवली होती. काजूगर सुकवायच्या ड्रायरचा बर्नर काडीने पेटवताना एका बाईचा हात भाजला, म्हणून बटणावर पेटेल असं काहीतरी कर, असं मालिनीताईंनी तिला सांगितलं होतं. तिने जुन्या स्कूटरची इग्निशन कॉइल घेतली, बारा व्होल्टची बॅटरी लावली आणि मध्ये एक ट्रान्झिस्टर बसवला. ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह सारखा जोडायचा आणि तोडायचा. दर वेळी तोडला की बर्नरपाशी ठिणगी पडायची. पण त्याच क्षणी कॉइलचा उलटा झटका ट्रान्झिस्टरवरही येतो. तो झटका गिळणारा भाग कोल्हापूरहून यायचा होता आणि हंगाम तोंडावर आला होता, म्हणून तिने त्याच्याशिवायच पेटी जोडून दिली. दोन ट्रान्झिस्टर जळाले, तेव्हाही नवे बसवून तिने वेळ मारून नेली.

"तू कुठे आहेस?"

"बाहेर, अंगणात."

"मागच्या शेडमधल्या सिलिंडरचे कॉक बंद कर आधी."

"केले. धाकूकाका पेटीचा स्विच बंद करायला आत गेलेत."

धाकूकाका ड्रायरवर कामाला होते. महरीन मोटर सोडून उठली. चटचट थांबली म्हणजे तिसरा ट्रान्झिस्टरही जळाला होता, आणि न पेटलेला गॅस आत साचला होता. जळालेला ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा आतून जोडलेलाच राहतो. म्हणजे कॉइलमधून आता अखंड प्रवाह वाहत असणार. स्विच बंद करणं म्हणजे तो तोडणं. तोडला की ठिणगी, आणि तीही गॅसने भरलेल्या ड्रायरच्या पोटात.

"मालन, फोन तिथेच ठेव आणि दारातून हाक मार. काकांना सांग, पेटीला हात लावू नका. कुठलाच स्विच बंद नको, चालूही नको. सगळ्यांना फाटकाबाहेर काढ."

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग मालनची हाक, मग काहीच नाही. महरीनने स्कूटरची चावी उचलली. काही क्षणांनी मालन धापा टाकत म्हणाली, "आले बाहेर. बोट स्विचवरच होतं गो त्यांचं."

महरीनने स्कूटर काढली. एक गोष्ट तिने मालनला सांगितली नव्हती. अखंड प्रवाहाने कॉइल तापत जाणार आणि तिची तार कधीतरी आपणहून वितळून तुटणार. मग स्विचला कोणी हात लावायचीही गरज नव्हती.

फाटकापलीकडे अकरा बायका, धाकूकाका आणि मालिनीताई उभ्या होत्या. महरीन गाडी टाकून आत निघाली, तशी मालिनीताईंनी तिचं मनगट पकडलं.

"कुठे चाललीस?"

"ड्रायरचं दार उघडते. गॅस तरी निघून जाईल."

"बंब निघालाय रत्नागिरीहून. तोवर कोणी आत जायचं नाही."

महरीनने हात सोडवायचा प्रयत्न केला. मालिनीताईंनी पकड सोडली नाही.

धप्प असा बोजड आवाज झाला. कौलांची एक रांग उडून अंगणात फुटली, ड्रायरचं दार उखडून भिंतीवर आदळलं. काजूगराचे ट्रे वाकडे होऊन पडले. धाकूकाका मटकन खाली बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"त्यांनी स्विच दाबला असता तर?" मालिनीताईंनी हळू आवाजात विचारलं.

महरीनला खोटं बोलता आलं असतं. "तर ते तिथे असते, ताई. चूक माझी आहे. पेटीत एक भाग लावायचा होता, तो मी लावला नाही. आणि ज्योत नसेल तर गॅस आपोआप बंद व्हायला हवा, त्याचा विचारच मी केला नाही."

मालिनीताईंनी तिचं मनगट सोडलं. मग एवढंच म्हणाल्या, "हे सगळ्यांसमोर सांग." महरीनने सांगितलं. ऐकून दोन बायका तिच्याकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

तीन आठवड्यांनी नवी पेटी लागली. झटका गिळणारा भाग आता ट्रान्झिस्टरलाच जोडलेला होता. शिवाय ज्योत दिसली नाही, तर एक झडप आपोआप गॅस बंद करणार होती. रत्नागिरीच्या जाणकाराने तपासून सही केली. पहिलं बटण महरीनने स्वतःच दाबायचं ठरलं. बाकी सगळे बाहेर गेल्यावर ती ड्रायरसमोर एकटीच उभी राहिली. बोट बटणावर होतं. सगळं बरोबर जोडलंय हे तिला ठाऊक होतं. तरी बोट खाली जायला खूप वेळ लागला.