उलटी ठेवलेली गाय

आमच्या गावात काकडीला पाय फुटत नाहीत. डोंगरापलीकडे, मात्सुमोतोकडे फुटतात, हे मला ठाऊक होतं. पण ते माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच सुनेच्या हातून फुटतील असं कधी वाटलं नव्हतं.

ओबोनचा, म्हणजे पितरांच्या सणाचा, पहिला दिवस होता, तेरा ऑगस्ट. सकाळी परसातून वांगी तोडून आत आले, तर मिसाओ ओट्याशी पाठमोरी उभी. जेवायच्या काड्या मोडून तिने काकडीत चार तुकडे खोचले होते आणि ती चारपायी काकडी उभी राहते का ते बघत होती.

"हे काय गं?"

"घोडा, आई." ती दचकली. "त्सुनेओला यायला. आमच्या मात्सुमोतोकडे करतात. येताना घोडा, लवकर पोचावा म्हणून. जाताना वांग्याची गाय, सावकाश जावं म्हणून."

त्सुनेओ माझा मुलगा. गेल्या नोव्हेंबरात गेला. कामावरून आला, बूट काढायला पायरीवर बसला आणि तिथेच कलंडला. हे त्याचं पहिलं ओबोन.

आता मला जे सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. सुचलं ते चाळीस वर्षं देवळात बसून ऐकलेलं. मी म्हणाले, "मिसाओ, आपल्या पंथात हे नसतं. गेलेला माणूस त्याच क्षणी आमिदा बुद्धाच्या पदरात जातो. आमिदाचं नाव घेतलं की त्सुनेओ इथेच आहे. कुठे वाटेत अडकलाय थोडाच, की त्याला काकडी धाडायची?"

बोलण्यात चूक काहीच नव्हती. तिने मान हलवली, एकेक करून पाय उपटले, काकडी चिरली आणि मीठ लावून, पिळून व्हिनेगरात घातली. दुपारी पानात आली. तीन-चार चकत्यांना भोकं होती. तिने त्या मला वाढल्या नाहीत, स्वतःच खाल्ल्या.

जिन्याखाली सुतळीने बांधलेली दोन खोकी होती. सोळा तारखेला तिचा भाऊ शुन्पेइ गाडी घेऊन येणार होता. ओबोन झालं की मिसाओ माहेरी जाणार, हे आमच्यात ठरल्यासारखंच होतं. परत कधी, ते तिने सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. चौतीस वर्षांची मुलगी, मूलबाळ नाही. कशाच्या जोरावर थांब म्हणायचं? पण रोज त्या खोक्यांवरून माझी नजर जायची आणि घर आत्ताच रिकामं झाल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तिने मांजू तळले. लाल चवळीचं पुरण भरलेले, वाफवलेले मऊ मांजू, त्याच्यावर पिठाचा घोळ आणि उकळतं तेल! शेजारची तोमिको लगेच कुंपणाशी हजर.

"हात्सुए-सान, तळणाचा वास येतोय. मासे आणले वाटतं, ओबोनात?"

"मासे कुठले! मांजू तळतेय सूनबाई."

"मांजूची भजी?" तिने तोंडावर हात धरला. "बुवा येतील देवघरात पोथी वाचायला, त्यांना तेवढं घोळवू नका म्हणजे झालं!"

मीही हसले. हसले आणि मागे वळून पाहिलं, तर मिसाओ झारा हातात घेऊन दारात उभी. तिने मांजूंची ताटली देवघरात त्सुनेओच्या फोटोपुढे ठेवली आणि वर निघून गेली. मी त्यातला एकही खाल्ला नाही. आता वाटतं, निदान एक तरी खायला हवा होता.

पंधरा तारखेला दुपारी देवळात कीर्तन होतं. आमचे एनशो बुवा सत्तरीचे, पण अजून गाऊन प्रवचन करणाऱ्यांतले. आधी साधं बोलतात, मग आवाज चढतो, बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळत नाही, आणि मग सगळं देऊळ एका तोंडाने नाव घेतं. त्या नावासाठी मी ऊन-बर्फ बघितलेलं नाही. त्सुनेओ लहान असताना माझ्या मांडीवर झोपून जायचा, पण नावाचा गजर झाला की झोपेतच ओठ हलवायचा.

बुवांनी त्या दिवशी समुद्रकाठच्या एका म्हातारीची गोष्ट लावली. तिचा मुलगा होडीसकट बुडालेला. ती रोज संध्याकाळी वाळूत दिवा लावी. गावातले शहाणे येऊन सांगत, आजी, तो आता बुद्धापाशी आहे, त्याला दिव्याचं काय काम? म्हातारी म्हणे, ठाऊक आहे मला. पण संध्याकाळ झाली की या हातांना काम लागतं. इतकी वर्षं त्याच्यासाठीच चालले ना ते.

इथे बुवांनी आवाज उचलला. मग गाऊन सांगितलं की त्या शहाण्यांच्या मागून आमिदा स्वतः आला. म्हातारीला त्याने काहीच शिकवलं नाही. वारा होता, म्हणून वात विझू नये असा आडोसा करून तो दिव्याच्या बाजूला बसला.

देऊळभर नाव उसळलं. माझं तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. डोळ्यांपुढे दिसत होती ती भोकं पडलेली काकडी. वाळूतल्या शहाण्यांच्या पहिल्या रांगेत मीच उभी होते.

सगळे पांगल्यावर मी बुवांना गाठलं. ते मानेचा घाम पुसत होते.

"बुवा, काकडीचा घोडा केला तर पाप लागतं का?"

"काकडीचा?" ते विचारात पडले. "मी वाचलेल्या ग्रंथांत काकडीचं नाव काही आलेलं नाही."

"चेष्टा नको. आपल्यात करत नाहीत ना?"

"नाही करत. कोणी केला?"

"सुनेने. मी मोडायला लावला."

बुवांनी घाम पुसायचं थांबवलं. मग म्हणाले, "हात्सुए-सान, चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसता. एवढ्यासाठी मला कशाला विचारता?"

घरी येऊन कपडेही न बदलता परसात गेले. सगळ्यात मोठं वांगं तोडलं, थोडं वाकडं, पण पोटाने भरलेलं. पायरीवर बसून काड्या मोडल्या. बोटं आखडलेली, त्यामुळे एक पाय आखूड झाला, तो बदलला, तर दुसरा लांब झाला. जन्मात कधी केलेलं नाही. अखेर एका बाजूला कलती का होईना, गाय उभी राहिली. दारात ठेवली, त्सुनेओ बूट काढायला बसायचा त्याच पायरीवर.

मिसाओ वाळलेले कपडे घेऊन आली आणि थबकली. गाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "घोडा मी खाऊन टाकला. तेव्हा यायला तो पायीच आला असेल. निदान जायला तरी असू दे."

मला वाटलं आता रडते. पण हसलीच! कपडे छातीशी धरून, खाली बसून, खिदळत हसली. नोव्हेंबरपासून हा आवाज घरात ऐकला नव्हता.

"आई, गाय उलटी आहे!"

"उलटी कशी? पाय खालीच आहेत की."

"तोंड! तोंड बाहेर रस्त्याकडे हवं. तुम्ही घराकडे केलंय. अशी ठेवली तर तो जाणारच नाही!"

मी गाईकडे बघितलं. खरंच ती घरात शिरायला निघाली होती.

"मग राहू दे आजची रात्र," मी म्हणाले.

हसता हसता मिसाओ माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले. मग म्हणाले, "आणि ते तळलेलं काय होतं, ते उरलंय का?"

"काल तर नाक मुरडलं होतंत!"

"तोमिकोसमोर मुरडलं."

तिने मांजू कढईत परत कुरकुरीत करून दिले. वरचं कुरकुरीत, आतलं पुरण मऊ, गरम. मी तीन खाल्ले आणि वर म्हणाले, पुरणात मीठ किंचित कमी आहे. ती म्हणाली, मात्सुमोतोत एवढंच असतं.

सोळाला शुन्पेइ आला. ऊन उतरल्यावर मिसाओने फाटकापाशी निरोपाचा जाळ म्हणून भूर्ज झाडाची साल पेटवली, माहेरून आणून ठेवलेली. काळा धूर आणि मोठी ज्योत. गाईचं तोंड तिनेच बाहेर वळवलं, अगदी हळू. मी नाव घेतलं. या वेळी ते आलं. तिने घेतलं नाही, नुसते हात जोडले. तेही चाललंच की.

मग निघायची वेळ झाली. शुन्पेइने एक खोकं गाडीत ठेवलं आणि दुसरं उचललं.

"ते नको, दादा," मिसाओ म्हणाली. "त्यात हिवाळ्याचे कपडे आहेत."

"मग? हिवाळा नाही येत आपल्याकडे?"

"येतो. पण ते मला इथे लागणारेत म्हणून सांगतेय. ठेव खाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी धुराकडे बघत होते. धूर डोळ्यांत गेला होता.

गाडीत बसून तिने काच खाली केली. "आई, सप्टेंबरात हिगानच्या सणाला ओहागीचे गोड भातगोळे कसले करता? चवळीच्या अख्ख्या दाण्यांचे की गाळलेल्या पुरणाचे?"

"अख्ख्या दाण्यांचे. गाळलेलं पुरण म्हणजे बिनदातांचं खाणं."

"आमच्याकडे गाळतात."

"तुमच्याकडे मांजू तळतात!"

"दोन्ही करू. दाणे मी घेऊन येते, मात्सुमोतोचे. आणि कढईतलं तेल फेकू नका, मला लागेल."

गाडी भातशेतांमधून वळणापर्यंत दिसत होती. मग मी आत आले, कढईतलं तेल फडक्यातून बरणीत गाळलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवली.