दुसरी धार

चूक तुमची आहे, साहेब. वजनमाप खात्याचा शिक्का तुमच्या हातात आहे म्हणून ती माझ्या भावाची होत नाही.

ग्लास तुम्ही उचललात. खिडकीच्या उजेडात धरलात. बिअर मापाच्या रेघेच्या दोन बोटं खाली आणि वर नुसता फेस. मग विचारलंत, "हे कोणी ओतलं?"

"मी," दादा म्हणाला.

"मोठ्यानं सांग."

"मी ओतलं, साहेब. नळावर मीच असतो. पण ते..."

तुम्ही तळवा दाखवलात, रस्त्यावर गाड्या अडवतात तसा. "विचारलं तेवढंच सांग."

मी मागच्या खिडकीत होते. उष्टे ग्लास धुवायला आत येतात ती खिडकी. कोपरापर्यंत साबण होता. तिथूनच ओरडले, "अहो साहेब, मालकांनीच सांगितलंय त्याला तसं ओतायला!" तुम्ही वळून पाहिलंत. मालक हसून म्हणाले, "त्याची बहीण आहे ती." झालं. बहीण म्हटल्यावर माझ्या बोलण्याची किंमत भांडी आपटल्याच्या आवाजाएवढी राहिली.

आता मधे मालक नाहीत आणि तुमचा तळवाही नाही. आता ऐका.

नळाची बिअर एका धारेत भरत नाही. ग्लास तिरका धरून धार काचेवर घ्यायची, मग ग्लास सरळ करायचा. फेस चढतो. चढला की ग्लास बाजूला ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. फेस बसला की दुसरी धार सोडायची, रेघेपर्यंत. ती पांढरी रेघ तुमच्याच खात्याच्या नियमाने ग्लासावर छापलेली असते. दादा नळावर उभा राहिला तेव्हापासून त्याने दुसरी धार कधी चुकवली नव्हती. घाईतल्या गिऱ्हाइकाने हात पुढे केला की म्हणायचा, "थांबा, बसू दे." त्यावरून सगळा बार त्याला थांबाशेठ म्हणायचा.

नळासमोरच्या उंच स्टुलावर एक गवंडी बसायचा. हातावर सिमेंट तसंच वाळलेलं.

"थांबाशेठ, याच जन्मात मिळणार ना?"

"तुझ्या भिंतीचं सिमेंट सुकेपर्यंत थांबतोस ना? मग इथे काय आग लागली?"

"अरे, भिंत काय पितो का मी?"

"मग पी. पण थांबून पी."

रोज हेच. रोज तेच हसणं. दोघांना एकमेकांच्या घरचं काहीच माहीत नव्हतं. पण गवंडी एक दिवस आला नाही तर दादा जेवताना म्हणायचा, "आज स्टूल रिकामं होतं."

आणि मला आत बसून सगळं कळायचं. प्यालेल्या ग्लासाच्या आत फेसाची कडी राहतात, साहेब. वर पुसट पडदा असतो, आणि जिथून खरी बिअर सुरू झाली तिथे जाड कडं. रेघेला टेकलेलं ते कडं घासून घासून माझी बोटं झिजली. माझा नवरा घर सोडून गेल्यावर मी पोरीला घेऊन दादाकडे आले, त्यानेच मला या कामाला लावलं. भावाने भरायचं आणि बहिणीने धुवायचं. आमचं बरं चाललं होतं.

मग एके दिवशी मालक नवे ग्लास घेऊन आले. उंचीला जुन्याएवढेच, पण तळाला काचेचा जाड थर. आणि अंगावर रेघ नाही.

"आजपासून दुसरी धार बंद," मालक म्हणाले.

"मालक, मग रेघेपर्यंत कसं भरणार?"

"रेघ? कुठाय रेघ? दाखव मला."

दादा ग्लास फिरवून फिरवून बघत राहिला. नोकरमाणसाची थट्टा करायची तर ती अशी, त्याच्याच हातात पुरावा देऊन.

"फेस म्हणजे शोभा असते," मालक म्हणाले. "लोक शोभेला येतात." जुने ग्लास त्यांनी खोक्यात भरून कपाटावर ठेवायला लावले. फेकले नाहीत. म्हणाले, "तपासणीला लागतात."

हे वाक्य नीट ऐका, साहेब. तपासणीला लागतात. गिऱ्हाइकाला लागत नाहीत.

दादाने थोडे दिवस चोरून दुसरी धार सोडली. फक्त ओळखीच्यांना नाही, सगळ्यांनाच. पिंपं लवकर रिकामी व्हायला लागली तसे मालक त्याच्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

"तुझ्या बापाची बिअर आहे का रे?"

"नाही. ज्यानं विकत घेतली त्याची आहे."

"मग उद्यापासून घरी बस आणि त्याच्या घरी जाऊन ओत!"

घरी पोरीची शाळा होती. दोघांची नोकरी एकाच दारातून येत होती, आणि ते दार मालकांचं. दुसऱ्या दिवसापासून धार एकच. आतमध्ये माझ्या हातात येणारी कडी खाली घसरली. आणि दादाचं "थांबा" बंद झालं. थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गवंड्याने पहिल्या दिवशी ग्लास डोळ्यांसमोर धरला. "थांबाशेठ, एवढा फेस दिलास, तर वस्तरा पण दे. दाढी करून जातो!"

सगळे खो खो हसले. दादासुद्धा हसला, तोंडापुरता.

मग काही दिवसांनी गवंडी विनोद करायचाच थांबला. ग्लास घ्यायचा, बघायचा, प्यायचा. एका संध्याकाळी नुसतं म्हणाला, "तू पण?"

दादा आत आला. माझ्या नळाखाली हात धुवायला लागला. हात स्वच्छ होते. तरी धूत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याला वाटतं, मी माप मारतोय."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू? ओततो तर मीच ना."

दुसऱ्या दिवशी त्याने तुमच्या खात्याला फोन केला. होय, साहेब. ती तक्रार त्याची होती. नाव सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते तुमच्याआधी मालकांकडे पोचलं असतं. मी उगाच बोलत नाही. तुम्ही येणार ही बातमी अशीच पोचली. तुम्ही यायच्या दिवशी सकाळीच कपाटावरून खोकं उतरलं. रेघेचे ग्लास माझ्यापुढे आले. आणि मालक दादाला म्हणाले, "आज रेघेपर्यंत. दोन्ही धारा. तुझा तो थांबा-थांबाचा तमाशा आज पोटभर करून घे."

मला वाटलं, बरं झालं, आजचा दिवस तरी धड जाईल. दादा ग्लास न्यायला खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आज एकच धार."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अगं, आज पूर्ण भरलं तर तपासणीवाले सगळं ठीक आहे असं लिहून जातील. संध्याकाळी खोकं परत वर. मी रोज देतो तेच त्यांना देतो. ते बघतील. विचारतील, असं का? मग सांगतो की."

"आणि नाहीच विचारलं तर?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच अडाणी. "विचारणार नाहीत तर खातं कशाला ठेवलंय?"

एवढा भरवसा तुमच्यावर तुमच्या बायकोचाही नसेल, साहेब.

तर त्याने तुमच्यासमोर ग्लास तिरका धरला, सरळ केला, फेस चढू दिला आणि बसायच्या आत तुमच्यापुढे ठेवला. मालकांचा चेहरा मी खिडकीतून बघत होते. आधी पांढरा पडला. मग तुम्ही "कोणी ओतलं?" म्हणालात आणि तो चेहरा पुन्हा भरून आला. "बघा साहेब," मालक म्हणाले, "रेघेचे ग्लास दिलेत, रोज कानीकपाळी ओरडतो, तरी हा माणूस माप मारतोच. मलाही फसवतो, लोकांनाही."

तुम्ही मान डोलावलीत. कपाटाकडे एकदा तरी बघितलंत का? तिथे त्या दिवशी जाड तळाचे ग्लास झाकून ठेवले होते, तुमच्यापासून हाताच्या अंतरावर.

मग तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलात. मालक स्वतः नळावर गेले. त्यांनी ग्लास बाजूला ठेवून फेस बसू दिला. दुसरी धार त्यांनाही येते, साहेब. तुमचा ग्लास धुवायला माझ्याकडेच आला. जाड कडं रेघेच्या वर होतं.

दादाला त्याच दिवशी काढलं. भिंतीवर कागद लागला: मापात फसवणूक करणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यात आले आहे. शेजारी तुमचा दाखला, दोष मालकांचा नाही, ओतणाऱ्याचा आहे असा, फ्रेम करून. खोकं संध्याकाळी परत कपाटावर चढलं.

गवंड्याने तो कागद बोटाने एकेक शब्द धरून वाचला. "वरून किती साधा वाटायचा," म्हणाला.

मी खिडकीतून अख्खी बाहेर वाकले. "अरे बाबा, आता बघ की तुझा ग्लास! तो तर नाही ना नळावर? मग हा फेस कोणाचा?"

त्याने ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग स्टूल फिरवून पाठ केली. बहीणच ना मी.

मी अजून तिथेच धुते. मला काढत नाहीत, कारण मी भरत नाही. दादाने दुसऱ्या बारमध्ये विचारलं, तिसऱ्यामध्ये विचारलं. माप मारणारा, हे त्याच्या आधीच तिथे जाऊन बसलेलं. परवा बाजारात समोरून गवंडी आला. दादाने ओळखीचं हसू तयार ठेवलं होतं. गवंड्याने रस्ता ओलांडला. दादा ते हसू कुठे ठेवावं हे न कळून तसाच उभा राहिला.

आता सकाळी माझ्या पोरीला दूध तोच देतो. तापलेलं दूध उंचावरून कपात सोडतो, वर फेस येतो. पोर हात पुढे करते.

"दे ना, मामा. उशीर होतोय."

"थांब," तो म्हणतो. "बसू दे."

फेस बसतो. मग तो दुसरी धार सोडतो, अगदी काठापर्यंत. कप इतका भरतो की पोरीला तो उचलता येत नाही. ती टेबलावर वाकून, ओठ कपाला लावून पहिला घोट घेते. दादा बाजूला उभा राहून बघत असतो. तिच्या ओठावर दुधाची मिशी उमटली की तिला म्हणतो, "पूर्ण होता ना?" रोज विचारतो. ती म्हणते, "हो, मामा." तरी रोज विचारतो.

तुम्ही बघून लिहिलंत की माझा भाऊ माप मारतो. तो कागद अजून भिंतीवर आहे. ओतलं कोणी, हे तुम्ही विचारलंत आणि त्याने खरं सांगितलं. आता मी विचारते तेवढंच सांगा, साहेब: तसं ओतायला सांगितलं कोणी, हे तुम्ही का नाही विचारलंत?