एकेचाळीस रकाने

"काका, एकतीस वर्षांत एकही रकाना रिकामा नाही!" नदीकाठी येऊ घातलेल्या अणुवीज प्रकल्पाच्या इंजिनियरबाईंनी नोंदवहीची रंगीत झेरॉक्स टेबलावर पसरली आणि पट्टीकाकांकडे असं पाहिलं, जणू नदी त्यांनीच खणली होती. काकांची मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. बापाचं कौतुक ऐकायची संधी तिला काही रोज मिळत नव्हती.

गावाबाहेरच्या पुलाच्या खांबावर सेंटीमीटरच्या खुणांची लोखंडी पट्टी बसवलेली होती. रोज सकाळी आठला ती वाचायची आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची, काकांनी जन्मभर एवढंच केलं. त्यामुळे त्यांचं खरं नाव गाव कधीच विसरलं होतं. काकूसुद्धा हयात असताना चिडल्या की 'अहो पट्टी' म्हणूनच हाक मारायच्या. कामाचा नियम एकच होता: आकडा आधी मोठ्याने बोलायचा, मग लिहायचा. न बोलता लिहिलं तर हात आपोआप कालचाच आकडा काढतो, असं पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. काका पुलाखाली एकटे उभे राहून नदीला आकडा ऐकवत आणि वरून जाणारे सायकलवाले हसत.

"अणुभट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच जात नाही," बाई सांगत होत्या. "कितीतरी दिवस तिला पाणी द्यावंच लागतं. म्हणून आम्ही आधी नदीचं सगळ्यात वाईट वर्ष शोधतो. तुमचं हे बघा. बारा सेंटीमीटर! नदी पट्टीच्या शून्याखाली एकदाही गेलेली नाही. साठवण तलाव किती मोठा बांधायचा, तेही यावरूनच ठरलंय."

त्या पानावरची शाई काकांनी लगेच ओळखली. इस्पितळातल्या नर्सचं निळं पेन होतं ते.

"बाई, त्या वर्षी..."

"गुरुवारी जनसुनावणी आहे, तिथेच तुमचा सत्कार करू," बाई उठत म्हणाल्या. चहाचा एक घोट घेऊन त्या निघूनही गेल्या.

त्या वर्षी काकू इस्पितळात होत्या. श्वासाचं यंत्र विजेवर चालायचं आणि वीज रोज सकाळी सातला जी जायची, ती अकराला यायची. मग यंत्राऐवजी रबरी फुगा हाताने दाबत बसावं लागे. वॉर्डात नर्स एक आणि फुगे तीन. मुलगी तेव्हा परगावी, बाळंतपणाला अडकलेली. काका सात ते अकरा फुगा दाबत आणि बारा वाजता बाकावर बसून वहीत आकडा लिहीत. न बोलता. रोज थोडं थोडं पाणी उतरवत त्यांनी ते बाराला आणून ठेवलं आणि तिथेच थांबवलं. कारण पातळी शून्याखाली गेली की वरच्या साहेबाला जागेवर बोलवायचं असा नियम होता, आणि साहेब पुलावर आला असता तर काका तिथे नाहीत हे उघडं पडलं असतं. एकेचाळीस दिवस असे गेले. काकू गेल्या त्या संध्याकाळी ते पुलाखाली गेले तेव्हा पात्रात पाण्याचा टिपूस नव्हता. मधोमध बकऱ्या बसल्या होत्या. त्याच रात्री मृगाचा पाऊस कोसळला आणि सकाळी पट्टीवर बारापेक्षा जास्तच पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या ऑफिसात गेले. साहेबांच्या खुर्चीत आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून बसत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उठून आधी दार लावलं.

"काका, हे कुणाला बोललात?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग माझ्यावरच थांबा. अहो, एक उन्हाळा खोटा म्हटलात तर बाकीची तीस वर्षं खरी कशावरून? अख्खी वही बाद होईल. नवीन मोजणी म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं हा प्रकल्प थांबणारे का? तो दुसरीकडे जाईल आणि आपण बसू अंधारात."

"अरे, पण तलाव लहान पडेल."

"एवढे शिकलेले लोक आहेत ते. ठेवली असेल त्यांनी काही वाढीव जागा."

"असेल ना?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच हो ऐकायचं होतं. साहेब फाइलच्या नाडीशी खेळत राहिला.

घरी मुलीने जेवणाचं ताट समोर ठेवलं आणि ऐकता ऐकता तिचा हात तसाच वाटीवर राहिला. तिचा नवरा सात वर्षं समुद्रापलीकडे वेल्डिंग करत होता. प्रकल्पात त्याचं नाव लागलं होतं. तिच्या लेकीला बाप फोनच्या काचेतून माहीत होता.

"बाबा, आई कशाने गेली?"

"वीज नव्हती म्हणून."

"आणि आता वीज येतेय तर तुम्ही आडवे येणार?"

"आडवा नाही गं. तलाव मोठा करा, एवढंच सांगणार."

"ते तलाव मोठा नाही करणार. ते निघून जातील." तिचा आवाज फुटला. "तुम्ही काही बोलू नका. मी तुमच्यापुढे कधी हात पसरलाय? आज पसरते."

काकांनी ताट बाजूला सरकवलं. लेकीचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

गुरुवारी शाळेचं पटांगण माणसांनी फुललं होतं. लोकांना नोकऱ्या हव्या होत्या, पंखे हवे होते, इस्पितळात यंत्रं हवी होती, आणि यात कुणाचं काय चुकलं? बाईंनी चौकटीतलं मानपत्र काकांच्या हाती दिलं. 'एकतीस वर्षांत एका दिवसाचाही खाडा नाही.' टाळ्या थांबल्यावर काका माइकपाशी गेले. पहिल्याच रांगेतली मुलगी मान हलवून नको नको म्हणत होती. काकांनी तिच्यावरून नजर काढली.

"मला सांगायचंय की," ते म्हणाले, "त्या वर्षी बारा सेंटीमीटर पाणी..."

माइक मेला. पंखे गरगरत थांबले. वीज गेली होती.

"पाणी नव्हतं!" काका ओरडले. "मी बघितलंच नाही! मी मनाने लिहिलं!"

त्यांचा म्हातारा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बघा! म्हणूनच पाहिजे प्रकल्प!" आणि सगळं पटांगण हसलं आणि टाळ्यांनी कडाडलं. काका बोलत राहिले, लोक टाळ्या वाजवत राहिले. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या इंजिनियरबाईंनी मात्र ऐकलं होतं. त्या क्षणभर काकांकडे पाहत राहिल्या, मग खाली मान घालून कागद गोळा करायला लागल्या.

घरी येताच मुलगी तडक स्वयंपाकघरात गेली. वीज अजून आलेली नव्हती. काकांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, मानपत्राची चौकट उपडी मांडीवर घेतली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन टेकवलं. आता एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

"अठ्ठावीस एप्रिल," ते मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं: वाचले नाही.

"एकोणतीस एप्रिल." वाचले नाही.

आत भांड्यांचा आवाज आधी मुद्दाम वाढला, मग थांबला. काका एकेक तारीख बोलत गेले, लिहीत गेले. मे संपला. जून लागला. सहा जूनही झाला. मग शेवटची ओळ आली, आणि त्यांचं तोंड उघडेना. त्या दिवशीही दुपारी, काकूंच्या अंगावर चादर ओढून झाल्यावर, त्यांनी बाकावर बसून बारा लिहिलं होतं. आणि न बोलता लिहायचं नाही, हा नियम आता पुन्हा मोडायचा नव्हता. पेन पुठ्ठ्यावर तसंच टेकून राहिलं.



"सात जून," मुलगी आतून म्हणाली.

काकांनी लिहिलं.