चूल आणि सभा

मसुराच्या डाळीला उकळी फुटली तशी हज्जा सित्तनाने डाव पातेल्याच्या काठावर आपटला आणि रांगेकडे पाहून ती ओरडली, "ढकलाढकली नको गं! डाळ आहे ही, नवरदेव नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. सुदानच्या ओमदुरमान शहरातल्या त्या बंद पडलेल्या मुलींच्या शाळेच्या अंगणात रोज दुपारी असेच चाले. लांबवर तोफ वाजली तर कोणी मान वळवत नसे. भांडे मात्र प्रत्येकीने घट्ट धरलेले असे.

इख्लास याच शाळेत अरबी शिकवायची. लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात तिचा नवरा पाणी आणायला गेला, तो परतलाच नाही. शोधायला जायची सोय नव्हती. घरात एकटीने बसवेना, म्हणून तिने शाळेचे बाक फोडून सरपण केले आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन तकिया, म्हणजे फुकट अन्नछत्र, सुरू केला. येईल त्याला वाढायचे, नाव विचारायचे नाही. पैसे यायचे ते गल्ली सोडून परदेशी गेलेल्यांकडून, फोनवरून. कोणी रियाधमध्ये टॅक्सी चालवायचा, कोणी लंडनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. पण दुसरे वर्ष सरता सरता त्यांचेही हात आखडू लागले.

मोठ्या परदेशी संस्था लढाई सुरू होताच शहर सोडून गेल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या नैरोबीच्या कचेरीत मुअतसिम काम करायचा. याच गल्लीत चेंडू खेळलेला, लहानपणी इख्लासकडे शिकवणीला येणारा, तिला अजूनही उस्ताझा, म्हणजे शिक्षिकाबाई, म्हणणारा मुलगा. एक दिवस त्याचा फोन आला.

"उस्ताझा, तुमच्या तकियाला मदत मंजूर झाली! आता फक्त नोंदणीचं प्रमाणपत्र, संस्थेच्या नावाचं बँकेतलं खातं आणि हिशेब तपासनिसाची सही पाठवा."

"अरे, बँक जळली. नोंदणी कचेरीत सैनिक राहतात. हिशेब तपासणारे काका कैरोला पळाले."

"मला माहीत आहे हो. पण वरच्यांना भरवसा हवा ना."

"आमच्या दारात येऊन जे ताट धरतात, ते कोणत्या कागदावर भरवसा ठेवतात रे?"

तो हळूच म्हणाला, "मी बघतो, उस्ताझा."

तो बघत राहिला. वरिष्ठही बघत राहिले. ही एक रूढीच होऊन बसली होती, आणि प्रत्येक रूढीसारखी ती कोणा एकाने पाडलेली नव्हती. त्यामुळे ती मोडण्याची जबाबदारीही कोणा एकाची नव्हती. दूरदेशीच्या लोकांनी कळवळून दिलेला पैसा एका कचेरीतून दुसरीत जाई, प्रत्येक उंबऱ्यावर थबके, थोडा झिजे. आणि गोळीबारात चूल पेटवणाऱ्या बायकांना सगळ्या अहवालांत स्वयंसेवक म्हणत. स्वयंसेवकाला पोट नसते, असे बहुधा सगळ्यांनी धरून चालले होते.

तकिया आधी एक दिवसाआड झाला. मग फक्त शुक्रवारी. मग एका शुक्रवारी सित्तनाने पातेले घासून पालथे घातले. लोक तरीही दुपारी यायचे, भांडी मांडीवर घेऊन भिंतीच्या सावलीत बसायचे आणि ऊन उतरले की उठून जायचे. तक्रार कोणी करत नव्हते.

अशातच मुअतसिमचा पुन्हा फोन आला. "नैरोबीत परिषद आहे, उस्ताझा. विषय आहे, मदतीची सूत्रं स्थानिकांच्या हाती. तुम्ही बोलायचं. विमान, हॉटेल, सगळं आमच्याकडे."

"त्या खर्चाचे पैसे इकडे पाठव ना."

"ते वेगळ्या खात्यावरचे आहेत. त्यातून धान्य घेता येत नाही."

इख्लास जाणार नव्हती. सित्तनाने तिला ढकलले. "जा की! समोर उभी राहिलीस तर लाजून तरी देतील. आणि तिथे पोटभर खा. परत आल्यावर एकेक पदार्थ सांग, आम्ही ऐकून ढेकर देऊ."

वाटेतल्या नाक्यानाक्यावर बस थांबवून पिशव्या उलट्यापालट्या केल्या गेल्या. पोर्ट सुदानहून विमान मिळाले. नैरोबीच्या हॉटेलात संध्याकाळी जेवणाची लांबच लांब टेबले मांडली होती. तिने एक उकडलेला बटाटा घेतला आणि कोपऱ्यात बसली. तेवढ्यात फोनवर शेजारच्या राबियाचा आवाज आला. राबियाने निरोप बोलून पाठवला होता.

"इख्लास, हज्जा सित्तना गेली. सकाळी उठलीच नाही. अंघोळ घालताना पाहिलं, हाडांवर काही उरलंच नव्हतं गं. स्वतःच्या वाट्याचं गल्लीतल्या हवियाच्या जुळ्यांना देत होती. आम्हाला म्हणायची, मी घरी जेवते. सैनिक कबरस्तानाकडे जाऊ देईनात, म्हणून चेंडूच्या मैदानात पुरलं."

इख्लासने निरोप पुन्हा एकदा ऐकला. मग बटाटा खाल्ला. त्यात मीठ आहे की नाही, ते तिला कळेना. खोलीत जाऊन तिने नमाज पढला, आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. ती झोपच तिला पुढे फार दिवस टोचत राहिली.

सकाळी तिला व्यासपीठावर नेले. मागच्या पडद्यावर तकियाचे छायाचित्र होते, त्यात सित्तना डाव उगारून हसत होती. इख्लासने लिहून आणलेला कागद उघडलाच नाही.

"माझ्या मागे दिसते ती बाई भुकेने गेली," ती म्हणाली. आवाज वर्गात हजेरी घेताना असे तसा सपाट होता. "ती आमची स्वयंपाकीण. तिच्या चुलीसाठी तुम्ही मदत मंजूर केली आहे. ती मदत आता कुठे आहे, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. मी इथे बसते."

ती खुर्चीवर बसली. शेवटी मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बाहेर आल्यावर मुअतसिमने तिला गाठले. त्याचे डोळे लाल होते, हातात कागद होता. "उस्ताझा, रागावू नका. गल्लीतल्या बायकांसाठी हिशेब ठेवण्याचं प्रशिक्षण मंजूर झालंय. पोर्ट सुदानच्या हॉटेलात. आज सही झाली नाही तर पैसे परत जातील."

"मी सही करणार नाही."

"तुम्ही नाही म्हटलंत तर तकियाचं नाव यादीतून जाईल."

"जाऊ दे. सित्तनाचं गेलंच आहे."

"मग मी काय करू? सांगा ना! तिच्या हातचं मीही खाल्लंय."

"पैसे सोडायला कोणाची सही लागते?"

"माझी. आणि वर आणखी दोघांची."

"तुझी तर तुझ्या हातात आहे," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

गल्लीत परतल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. "काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

"अगंबाई," राबिया म्हणाली. "त्या शिजायला किती वेळ लागतो?" कोणी हसले नाही. राबियासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात राबियाच्या फोनवर पैसे आले. प्रशिक्षणाचे होते, परत पाठवायला म्हणून मुअतसिमच्या हाती आलेले. त्याने ते वरच्या दोघांना न विचारता फक्त स्वतःच्या सहीवर गल्लीकडे वळवले होते आणि वरिष्ठांना लिहिले होते की, कागद मागाहून येतील, माणसे मागाहून येणार नाहीत. त्याला लगेच काढून टाकले. संध्याकाळी त्याने फोन केला.

"उस्ताझा, नोकरी गेली."

"जेवलास का?"

"नाही."

"आधी जेव. मग बोलू."

पलीकडे भांडे वाजले. त्याचे जेवण होईपर्यंत इख्लासने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पातेले सुलटे झाले. हवियाची जुळी दोन वाट्या घेऊन सगळ्यात पुढे उभी होती. इख्लासने वाढले. तिला आनंद झाला नाही, दुःखही झाले नाही. हात चालत राहिला.

महिना उलटायच्या आत त्याच कचेरीतून नवे आमंत्रण आले. तिचे भाषण फार परिणामकारक झाले होते, या वर्षीच्या दुसऱ्या परिषदेत तिने पुन्हा बोलावे, अशी विनंती होती. इख्लासने डाव ठेवला, हात पुसले आणि उत्तर लिहिले: सभा या वेळी आमच्याकडे घ्या. शाळेच्या अंगणात चटया घालू. दुपारी या, रांगेत उभे राहा, तुम्हालाही वाढू.

उत्तर अजून आलेले नाही. डाळ महिनाअखेरपर्यंत पुरेल.