बेलीफच्या ताटातला रोट

भागीरथीचं तोंड एकदा सुरू झालं की समोरच्याला 'हं' म्हणायचीही सोय उरत नसे. त्यात त्या सोमवारी ती रात्रभर कानबाईसमोर जागलेली. सकाळी देवी बोळवली, पुरुष मंडळी विसर्जनाला तापीवर गेली आणि सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या त्या एका खोलीत ती उरलेल्या रोटाची टोपली सांभाळत बसली. तेवढ्यात दारात पन्नाशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. काखेत कापडी पिशवी, चपला धुळीने भरलेल्या.

“हिलालभाईनुं घर आ ज ने?”

गुजराती ऐकलं मात्र, भागीरथीला आनंद आवरेना. हा तर कडोदऱ्याचा योगराज! तिच्या नवऱ्याचा, हिलालचा चुलतभाऊ. लहानपणीच इकडे आला, मराठी विसरला आणि वाटणीवरून जे बिनसलं त्याला वीस वर्षं झाली. भागीरथीने त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. यंदा हिलालने निरोप धाडला होता, “भांडण गेलं खड्ड्यात, रोट खायला ये.” कालपासून बिचारा सारखा दाराकडे बघत होता.

“या भाऊजी, या! किती वाट पाहायला लावायची माणसाने?” डोक्यावर पदर घेऊन तिने त्याला पाट दिला.

“बेन, सांभळो तो...”

“आधी जेवायचं. मग तुमचं ते सांभळो, सगळं ऐकते.”

ताट पुढे आलं. रोट, तांदळाची खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आता कानबाईचा रोट म्हणजे काही साधी पोळी नव्हे हो! तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या ताटात तुकडा पडायचा नाही, ही खानदेशची रीत. शेजारची सुंदराबाई भागीरथीच्या जिवाभावाची, पण तिलाही कधी मिळाला नव्हता.

माणसाने ताट पुढे ओढलं आणि रोट मोडला. भुकेला होता, दिसतच होतं. अर्धा रोट खाऊन झाला तसा तो थांबला. त्याने डाव्या हाताने पिशवीतून कागद काढला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “भाभी, मी तुमचा भाऊजी नाही. मी नटवरलाल. कोर्टाचा बेलीफ. जप्ती आणली आहे.”

भागीरथीच्या हातातली पळी खिरीतच राहिली. “मग आधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलू दिलं कुठे?”

ते मात्र खरं होतं. जप्ती किसनपायी आली होती. किसन हिलालचा यंत्रमागावरचा जोडीदार. त्याने पतपेढीतून दहा हजार उचलले, हिलाल जामीन राहिला. प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत पळाली, त्यात किसन पळाला तो आलाच नाही. जामीन म्हणजे नुसती साक्षीची सही, असं हिलाल भोळेपणाने समजत होता. कोर्टाची पाकिटं आली ती त्याने देवीच्या फोटोमागे खोचून ठेवली. आता बाहेर हातगाडी उभी होती आणि कागदावर पहिलं नाव होतं शिलाई मशीनचं. माग आठवड्यातून चारच दिवस चालत होते. साड्यांना फॉल लावून भागीरथीच घर ओढत होती. मशीन गेली की चूल गेली.

तिला रडू कोसळलं. मशीनचं रडू की परक्याला रोट वाढल्याचं, तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात हिलाल धावत आला. गल्लीत कुणीतरी सांगितलं होतं, घरी पाहुणा बसलाय. “भाऊ उना ना? आला ना माझा योगराज?” म्हणत तो आत शिरला आणि अनोळखी चेहरा पाहून जागीच थबकला. त्याचे डोळे भरून आले. भागीरथीला त्याच्याकडे बघवेना. हुंदके देत तिने सगळं सांगितलं.

नटवरलाल ताट सारून उठला. “मला ठाऊक नव्हतं, भाई. देवीचा गुन्हा झाला असेल तर माझ्या माथी. बावीस वर्षं या कामात आहे. दारात पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. तुम्ही पाट दिलात, मी बसून गेलो.” मग तो मशीनजवळ गेला. साड्यांची चळत उचलून पाहिली. “हे कोण शिवतं?”

“मीच. यावरच तर घर चालतं.”

“मग ही उचलता येत नाही. पोटाचं अवजार जप्त करायचं नाही, कायदाच आहे. तुम्ही कोर्टात गेलाच नाहीत, मग सांगणार कोण?” त्याने अहवालावर तसं लिहिलं आणि हिलालची सही घेतली. “टेबलफॅन मात्र द्या. रिकाम्या हाताने गेलो तर उद्या दुसरा येईल, आणि तो तुमच्या घरी जेवलेला नसेल. परवा अकराला कोर्टात या. हप्ते बांधून मागा. साहेब कुठे बसतात ते मी दाखवीन.”

हिलालने पंखा फडक्याने पुसला आणि हातगाडीवर ठेवला. नटवरलालने पायात चपला सरकवल्या.

“थांबा,” भागीरथी म्हणाली. डोळे पुसून तिने त्याचं ताट पुन्हा पाटासमोर ओढलं. “रोट उष्टा टाकून उठायचं नसतं.”

“पण भाभी, मी तर बाहेरचा...”

“बाहेरचा होतात ते रोट खाईपर्यंत. आता बसा भाऊजी, उगाच देवीला राग आणू नका.”

हिलालने बायकोकडे पाहिलं. मग आपलं ताट घेतलं आणि पाहुण्याशेजारी मांडी घालून बसला. नटवरलालने चपला काढल्या. बाहेर हातगाडीवाला हाका मारत होता, पण जेवताना कोण उठतंय?